शेवटच्या वापराची तारीख

औद्योगिक आरोग्य विभागाने काढलेल्या निवेदनात म्हटले आहे : ‘विभागाने कोणताही अभिलेख नष्ट केलेला नाही. ज्या अभिलेखांची कोणीही मागणी केली नाही आणि ज्यांचे उपयोगी आयुष्य संपले होते, अशांचीच धोरणानुसार विल्हेवाट लावण्यात आली.’

वाक्ये दोनच आहेत, पण लिहिणाऱ्याने श्रम घेतले आहेत हे मान्य केले पाहिजे. जे घडलेच नाही असे पहिल्या वाक्यात सांगितले, तेच दुसऱ्या वाक्यात नियमानुसार घडले आहे. मी विद्यापीठात अभिलेख व्यवस्थापन शिकवते. नोंदी कोणी जपाव्यात, किती काळ जपाव्यात आणि त्या फेकण्याचा अधिकार कोणाला असावा, या प्रश्नांवर माझी हयात गेली. माझ्या तासाला विद्यार्थी झोपतात, याबद्दल माझी तक्रार नाही. पुष्कळसे अन्याय ऐकणाऱ्याला झोप यावी अशाच भाषेत लिहिलेले असतात. म्हणून या निवेदनातला एकेक शब्द उजेडात धरून पाहू.

‘अभिलेख’. हे अभिलेख म्हणजे दगड फोडणाऱ्या आणि काचेसाठी वाळू दळणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांच्या छातीचे एक्स-रे. कामावर घेताना एक, मग दरवर्षी एक. विभागाची गाडी कारखान्याच्या फाटकाशी उभी राही. माणसे शर्ट काढून रांग लावत, थंडगार पाटीला छाती टेकवत आणि सांगितले की श्वास रोखत. त्या धुळीच्या आजाराला घाई नसते. माणूस नोकरी सोडतो, नातवंडे खेळवू लागतो, आणि मग एके दिवशी जिन्यात मध्येच कठडा धरून उभा राहतो. तेव्हा कारखाना विचारतो की, हे आमच्याकडेच झाले कशावरून? या प्रश्नाला उत्तर देऊ शकेल अशी वस्तू एकच : कामावर घेतानाची स्वच्छ छाती आणि सोडतानाची डागाळलेली छाती, शेजारीशेजारी.

‘उपयोगी आयुष्य’. धोरणाने ते दहा वर्षे ठरवले. आजार वीस-पंचवीस वर्षे घेतो. म्हणजे पुरावा आधी मरणार आणि रुग्ण मागाहून.

‘विल्हेवाट’. दहा-बारा वर्षांपूर्वी सगळ्या फिल्म टप्प्याटप्प्याने संगणकात उतरवल्या गेल्या, आणि मूळ फिल्म भंगारात विकल्या गेल्या, कारण त्यांच्यावर चांदीचा थर असतो. एका पिढीची फुप्फुसे ट्रकमध्ये भरून गेली आणि धुऊन निघाली. संगणकातल्या प्रत्येक फाइलला मात्र एक तारीख चिकटवण्यात आली. तिचे नाव ‘शेवटचा वापर’. त्या तारखेपासून दहा वर्षांत फाइल कोणी उघडली नाही, तर महिनाअखेरीस यंत्र ती आपोआप पुसते.

आणि ‘मागणी’. हा शब्द मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण निर्लज्जपणाचे सगळे काम त्याने एकट्याने केले आहे. फिल्म उतरवताना प्रत्येकीवर कामगाराचा बिल्ला क्रमांक टाकला गेला. नाव टाकण्याचे काम ‘दुसऱ्या टप्प्यात’ होणार होते. बिल्ला तर नोकरी सोडताना फाटकावर काढून घेतात. त्यामुळे माणसाजवळ उरते त्याचे नाव आणि यंत्राजवळ असतो फक्त क्रमांक. दहा वर्षे माणसे येत राहिली, नाव सांगत राहिली, पडदा ‘नोंद आढळली नाही’ म्हणत राहिला. धोरणाच्या हिशेबी असा निष्फळ शोध ही मागणी नव्हे. मागणी म्हणजे सापडलेली फाइल उघडणे. जे सापडूच दिले नाही, ते कोणी मागितले नाही. दुसरा टप्पा अजून यायचा आहे.

या विभागाची मुख्य अभिलेख अधिकारी माझी थोरली बहीण आहे. निःपक्षपातीपणाचा दावा मी करत नाही. आमच्या क्षेत्रात तो बहुधा फायलीशी काहीच घेणेदेणे नसलेले लोक करतात.

ताईकडे एक म्हातारा आला होता. दारातून खिडकीपर्यंत येताना तो दोनदा थांबला, म्हणून कचेरीतल्या पोरींनी त्याला धापकाका नाव पाडले, आणि ते कानावर आल्यावर तोही स्वतःला तेच म्हणवून घेऊ लागला.

“बाई, माझा फोटो आहे का बघा.”

“कसला फोटो, काका?”

“छातीचा. बाहेरून बघण्यासारखं काय उरलंय आता.”

ताईने नाव टाकले. नोंद आढळली नाही. “बिल्ला नंबर आठवतो?”

“बिल्ला घेतला ना काढून. निरोपाचा चहा नंतर दिला, बिल्ला आधी.”

दुसऱ्या दिवशी तो जेवणाच्या डब्याचे झाकण घेऊन आला. डबे बदलू नयेत म्हणून त्याने झाकणावर खिळ्याने बिल्ला क्रमांक कोरला होता. ताईने तो टाकला, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत आले : ‘विल्हेवाट पूर्ण’. गेल्याच महिन्याच्या अखेरीस.

“पूर्ण म्हणजे मिळाला?” धापकाकांनी विचारले.

“नाही काका. म्हणजे होता.”

तो बाकावर बसला. श्वास जुळवायला त्याला बराच वेळ लागला. “म्हणजे आता कारखाना म्हणणार, मी तिथे श्वासच घेतला नाही,” तो म्हणाला, आणि झाकण पुसून पिशवीत ठेवले.

महिनाअखेरीस काय पुसले जाणार, त्याची यादी ताईकडे आधी येते. मुदतीत उत्तर दिले नाही तर मौन ही संमती. ताई दर वेळी आक्षेप नोंदवत होती, आणि त्याच मिनिटाला यंत्राकडून उलट टपाली येत होते : ‘आक्षेप धोरणाशी विसंगत. फेटाळला.’ आक्षेप वाचणारे माणूसच नव्हते. आक्षेपासाठी पडद्यावर एक चौकट होती आणि चौकटीला एक ठरलेले उत्तर होते. धापकाका झाकण घेऊन परत गेले त्या दिवसापासून ताईने आक्षेप नोंदवणे सोडले आणि धोरण वाचायला घेतले. धोरण शेवटपर्यंत वाचणारी विभागातली ती पहिलीच व्यक्ती असावी, लिहिणाऱ्यांसकट.

मग ती फायली उघडू लागली. यादीतली एक फाइल उघडायची, छाती पडद्यावर पूर्ण उमटेपर्यंत थांबायचे, नीट पाहायची, बंद करायची, पुढची उघडायची. उघडलेल्या प्रत्येक फाइलच्या शेवटच्या वापराची तारीख आजची होई आणि तिला आणखी दहा वर्षे मिळत.

मला हे कळले तेव्हा मी हसले, आणि एक सूचना केली. “अगं, हाताने कशाला करतेस? माझ्या एका विद्यार्थ्याकडून लहानसा प्रोग्रॅम लिहून घेते. एका दुपारी सगळ्या उघडून होतील.”

“मग तो वापर यंत्राचा होईल. मला तो माणसाचा हवाय.”

“यंत्राला फरक कळत नाही, ताई.”

“यंत्राला नाही कळत. उद्या कोणी विचारलं, तर मला उत्तर देता आलं पाहिजे ना. फोटो बघण्यासाठी असतो, मी तो बघितला. यात खोटं एक अक्षर नाही.” मग म्हणाली, “आणि बघायला पाहिजेत गं. फासळ्या सगळ्यांच्या सारख्याच असतात. पण एकाने गळ्यातली साखळी काढलेली नव्हती, एकाच्या खिशात पेन राहिलं होतं. कोणीतरी बघितलेलं बरं असतं.”

संचालकांना विभागात माघारी डॅशबोर्ड म्हणतात. त्यांच्या खोलीत खिडकीसमोर एक मोठा पडदा लावलेला आहे, त्यामुळे खिडकी गेली. पडद्यावर ‘अनावश्यक साठा’ नावाचा आकडा असतो आणि तो दर महिन्याला उतरतो. उतरणारा आकडा दाखवून त्यांनी दोन पारितोषिके मिळवली. तो आकडा ताईमुळे उतरायचा थांबला आणि पडद्याचा तो कोपरा लाल झाला. डागाळलेली छाती पाहून ज्याच्या कपाळावर आठी पडली नव्हती, त्याला लाल कोपरा पाहून झोप येईना.

आरोपपत्र आले. ‘कामगारांची खासगी आरोग्यविषयक माहिती हेतुपुरस्सर, वारंवार आणि कामाच्या गरजेविना पाहिली.’ ज्या विभागाने हीच खासगी माहिती भंगारवाल्याला ट्रकने दिली, त्याला अचानक खासगीपणाचा उमाळा आला होता. आरोपपत्राच्या शेवटी विभागाने स्वतःची पाठही थोपटून घेतली होती : ‘खासगीपणाचा भंग झालेल्या प्रत्येक व्यक्तीस नावानिशी लेखी कळवण्यास विभाग बांधील असून, या बाबतीत विभागाचे धोरण अग्रेसर आहे.’ ते वाक्य मी शोभेचे म्हणून सोडून दिले. ताईने त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारली.

चौकशीत आरोपीला एक सहायक नेता येतो; ती मी. चौकशीच्या आधी संचालकांनी आम्हा दोघींना बोलावून घेतले. यंत्रणा विकणारा सल्लागार आधीच बसला होता, गुळगुळीत दाढीचा आणि समोरच्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारा.

“बाई, इतकी वर्षं काम केलंत,” संचालक म्हणाले. “तुम्ही सन्मानाने निवृत्त व्हावं असं मला अगदी मनापासून वाटतं.”

“मनापासून? त्याची नोंद कुठे सापडेल?” ताईने विचारले.

सल्लागाराने तिकडेही मान डोलावली, मग सावरून एक अहवाल पुढे सरकवला. व्हायरस तपासणाऱ्या प्रोग्रॅममधल्या बिघाडामुळे या फायली आपोआप उघडल्या गेल्या, असा त्याचा निष्कर्ष होता. खाली ताईच्या सहीची जागा होती.

“म्हणजे दोष यंत्राचा?” मी विचारले.

“कोणाचाच नाही, मॅडम. अशा गोष्टी होतात.”

“आणि फायलींच्या तारखा?”

“बिघाडामुळे पडलेल्या तारखा रद्द होतील. मूळ तारखा पूर्ववत.”

“म्हणजे या महिनाअखेरीस सगळ्या एकदम पुसल्या जातील,” ताई म्हणाली.

“धोरणानुसार,” संचालक म्हणाले. “तुम्हाला काहीही करायचं नाही. फक्त सही. नाहीतर बडतर्फीची शिफारस मला करावीच लागेल, आणि मग पेन्शनचं मी काही सांगू शकत नाही.”

सौदा स्वच्छ होता. तिने केलेले काम यंत्राच्या नावावर घालायचे, म्हणजे ती वाचेल आणि छात्या जातील.

त्या संध्याकाळी मी ताईकडे गेले. भावोजी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लसूण सोलत होते. ते शाळेत भूगोल शिकवत आणि निवृत्तीनंतर स्वयंपाकघर हा त्यांचा खंड झाला होता.

“सही कर,” ते ताईला म्हणाले. “यंत्राला कुठली अब्रू? घाल त्याच्या नावावर.”

“आणि ती माणसं?”

“त्यांना तू धूळ चारलीस का? तू कोण त्यांची?”

“मीच त्यांचे फोटो बघितलेत. दुसरं कोण आहे त्यांचं?”

भावोजींनी पाकळ्या वाटीत टाकल्या. “ठीक आहे,” ते शेवटी म्हणाले. “पण घरी बसलीस तर माझ्या नकाशांच्या कपाटाला हात लावायचा नाही.”

“त्या कपाटाचं आयुष्य केव्हाच संपलंय.”

“कशावरून?”

“कोणी मागणी केली नाही.”

दोघेही हसले, आणि मला कळले की सही होणार नाही. मी पिशवीतून माझा बचावाचा मसुदा काढला. त्यात मी अभिलेखशास्त्राचा दीडशे वर्षांचा वाद मांडला होता, तळटीपांना उपतळटीपा होत्या, आणि ‘वापर’ या संकल्पनेची मी अशी चिरफाड केली होती की समीक्षक मंडळात टाळ्या पडल्या असत्या. ताईने तो शेवटपर्यंत वाचला. तिचे वाचन मला नेहमीच घाबरवत आले आहे.

“सुरेख लिहिलंयस. डोळा लागेल त्यांचा,” ती म्हणाली. “पण यात तू म्हणतेस की मी चूक केली नाही.”

“मग काय म्हणायचं?”

“केली म्हणायचं. सगळी. एकूण एक.”

“ताई, ते तुला घरी पाठवतील.”

“पाठवू देत. तुला ती पार्किंगची फाइल आठवते?”

विभागातला तो लाडका विनोद होता. दोन उपसंचालकांत झाडाखालच्या पार्किंगच्या जागेवरून जुंपली होती. एकाने दुसऱ्याच्या गाडीला पोचा पाडला, चौकशी लागली, त्यावर अपील झाले आणि दोघेही निवृत्त होऊन गेले तरी अपील चालूच राहिले. चौकशीत पुरावा म्हणून नमूद झालेल्या नोंदीला अंतिम निकालापर्यंत हात लावता येत नाही. त्यामुळे पोचा पडलेल्या दाराची छायाचित्रे सगळ्या बाजूंनी काढलेली, लाल कुलपाच्या चिन्हाखाली आजही सुखरूप आहेत. यंत्र त्यांच्यासमोरून दर महिन्याला जाते आणि काहीही न करता पुढे सरकते.

“गाडीच्या दाराला जे मिळालं,” ताई म्हणाली, “ते मला यांच्यासाठी हवंय. चौकशी बंद पडावी म्हणून तर तो अहवाल बनवलाय त्यांनी. मी ती बंद पडू देणार नाही.”

इतकी वर्षे मी हा नियम वर्गात शिकवत आले आणि त्याचा उपयोग पुराव्याच्या रक्षणासाठी असतो असे फळ्यावर लिहीत आले. कोणी स्वतःलाच गुन्हेगार करून तो लागू करून घेईल, असे उदाहरण माझ्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. माझा मसुदा मी घडी घालून परत पिशवीत ठेवला.

चौकशी एका लांबट खोलीत झाली. चौकशी अधिकारी दुसऱ्या विभागातून उसने आणलेले, संथ आणि सरळ गृहस्थ होते. त्यांच्या उजव्या हाताला टंकलेखिका, समोर संचालक, कडेला सल्लागार. यंत्रबिघाडाचा अहवाल टेबलावर मध्यभागी ठेवला होता आणि त्यावर पेन टोपण काढून ठेवले होते. तेवढी तत्परता मी त्या विभागात दुसऱ्या कुठल्या बाबतीत पाहिलेली नाही.

“आरोप मान्य की अमान्य?” अधिकाऱ्यांनी विचारले.

“मान्य,” ताई म्हणाली. “पण माझा जबाब माझ्याच शब्दांत लिहून घ्यावा.”

“मान्य म्हटलं ना,” संचालक म्हणाले. “एवढंच लिहा. आणि बाई, अहो, हा अहवाल आहे इथे.”

“आहे. त्याचंही सांगते.”

“बाईंचं म्हणणं त्यांच्या शब्दांत लिहायचं,” अधिकारी टंकलेखिकेला म्हणाले.

जबाबाच्या पहिल्या वाक्याला संचालकांना हायसे वाटले असावे. ते खुर्चीत मागे रेलले. मध्यावर त्यांनी टंकलेखिकेला थांबायला सांगितले, आणि चौकशी अधिकाऱ्यांनी त्यांना थांबायला सांगितले. अखेरीस त्यांचे दोन्ही हात टेबलावर होते आणि सल्लागाराची मान डोलायची थांबली होती. मी सहायक म्हणून हजर होते, आणि मी काहीही साहाय्य केले नाही.

ताई आज निलंबित आहे. भावोजींचे कपाट तिने उघडले, त्यातले निम्मे नकाशे बाहेर काढले आणि त्यावरून घरात रोज वाद होतो. त्या महिनाअखेरीस यंत्र ठरल्याप्रमाणे फिरले; त्याला ताईने उघडलेल्या प्रत्येक फाइलवर लाल कुलूप लागलेले दिसले आणि ते काहीही न करता पुढे सरकले. तळघरात चार माणसे बसवली आहेत. कारखान्यांच्या जुन्या हजेरीपटांवरून ती प्रत्येक बिल्ल्यासमोर नाव लिहीत आहेत, कारण ज्यांच्या खासगीपणाचा भंग झाला त्यांना पत्रे पाठवायची आहेत. त्या कामाला दुसरा टप्पा म्हणायची सक्त मनाई आहे. धापकाकांना पत्र येणार नाही. त्यांची फाइल आधीच पूर्ण झाली होती.

या सगळ्याबद्दल विभागाच्या निवेदनात एक शब्द नाही. तेव्हा निवेदनाच्या शेजारी ठेवण्यासाठी आरोपीचा कबुलीजबाब, चौकशीच्या इतिवृत्तात आहे तसा, अक्षरशः देते :

“आरोप मला पूर्ण मान्य आहे. या फायली मी उघडल्या. कोणत्याही यंत्राने उघडल्या नाहीत. समोरचा अहवाल खोटा आहे आणि त्यावर मी सही करणार नाही. प्रत्येक फाइल मी स्वतःच्या हाताने, शुद्धीवर असताना, ती पुसली जाऊ नये या हेतूने उघडली आणि आतली छाती पाहिली. मी उघडलेली प्रत्येक फाइल हा माझ्याविरुद्धचा पुरावा आहे. त्यातली एकही वगळू नये. सगळ्या माझ्या आरोपपत्राला जोडाव्यात आणि चौकशीतल्या पुराव्याप्रमाणे अंतिम निकालापर्यंत जपाव्यात. एक जरी गहाळ झाली, तर विभागाने माझ्या खटल्यातला पुरावा नष्ट केला असं मी म्हणेन. मी ज्यांच्या खासगीपणाचा भंग केला, त्या प्रत्येकाला धोरणानुसार नावानिशी कळवावं. त्यांची नावं विभागाला माहीत नसतील तर ती शोधावीत. नाव माहीत नसलेल्या माणसाचा खासगीपणा मी कसा मोडला, ते मलाही समजून घ्यायचं आहे. पत्रात माझं नाव घालावं आणि फाइल कुठे मिळेल तेही लिहावं. निकाल माझ्याविरुद्ध गेला तर मी अपील करीन. माझ्या बाजूने लागला तर विभागाने करावं, अशी माझी विनंती आहे. मला पश्चात्ताप झालेला नाही. कालपर्यंतची यादी संपवली आहे. आज सकाळी माझा पासवर्ड बंद केला, म्हणून पुढची राहिली.”